टेपेच्या सुरुवातीची टाळी

वेलचेरी, चेन्नई, १२ नोव्हेंबर २००६

ऊर्मी,

आशीर्वाद तर आहेतच, ते लिहिण्यात ओळ घालवत नाही. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्र उचलावं लागत नाही, दाराखालून आपलं आपण आत येतं.

मी बरी आहे. यंदा पाणी पायरीपर्यंतच आलं. गेल्या वर्षीच्या पुरात तुझ्या बाबांनी विटांवर चढवलेला फ्रीज मी अजून खाली घेतलेला नाही. वरच्या कप्प्यातलं काही काढायला स्टूल लागतं. चालतं.

पुण्याला जाताना तू सांगून गेलीस, सुब्बाला घरात घेऊ नकोस. ते मी ऐकलेलं नाही. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तो दर रविवारी येतो, चपला जिन्यापाशीच काढतो आणि मी ‘ये’ म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. पूर्वी हाच मुलगा सरळ स्वयंपाकघरात येऊन कढईत डोकावायचा.

झालं ते पुन्हा सांगते, कारण तू रागात अर्धंच ऐकलंस. बाबांच्या तेराव्याला घर भरलं होतं. तुझ्या अलकनंदा आत्याला पसारा बघवत नाही. टीव्हीवर पडलेल्या सगळ्या टेपा त्यांनी गोळा केल्या आणि चकलीच्या डब्यात भरल्या. तुम्हा फिल्मवाल्यांच्या टेपा त्या डब्यात असतात, एवढंच त्यांना ठाऊक. डब्यातली टेप म्हणजे काम संपलेली, ज्याला लागेल त्याने न्यावी आणि पुसून वापरावी, हा नियम तुमचाच. नव्या टेपा परवडत नाहीत म्हणून तुम्हीच केलेला.

आणि सुब्बाने टेप न बघता नेली नव्हती. लावून पाहिली होती. सुरुवातीला बाबा उभे होते, कितवा शॉट, कितवा प्रयत्न ते सांगून टाळी वाजवत होते. आता तूच सांग, तुमच्या कुठल्या टेपेच्या सुरुवातीला बाबा नसतात? तुम्ही चित्र कॅमेऱ्यावर घेता, आवाज वेगळ्या यंत्रावर, आणि दोन्ही जुळवायला टाळी लागते. पाटी घ्यायला पैसे नव्हते म्हणून निवृत्त माणसाला उभं केलंत. सगळ्यांच्या सगळ्या शॉटना टाळी त्यांचीच. सुब्बाला वाटलं, ही नेहमीची टाळी. टाळीनंतर ते बाजूला न होता समोर बसून तासभर बोलले आहेत, हे त्याला सुरुवातीवरून कसं कळावं?

बाबा लेथवाल्या राघोत्तमरावांशी बोलत बसलेली ती एकच टेप होती, हे मला माहीत आहे. ती पुसली गेली. मी तुला ‘जाऊ दे’ म्हणत नाही.

आता कामाचं. जानेवारीपासून पाळी तुझी आहे. आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांची भिशी पाहून बाबांनीच तुम्हाला ही फिल्मची भिशी सुचवली होती. दर महिन्याला सगळ्यांनी थोडं थोडं घालायचं आणि ज्याची पाळी असेल त्याची फिल्म सगळ्यांनी मिळून करायची, कॅमेऱ्यापासून जेवणाच्या डब्यांपर्यंत. तुमच्यात चिठ्ठी मात्र काढत नाहीत, जो सगळ्यांत जास्त थांबला त्याला आधी. तू दोन वर्षं दुसऱ्यांच्या फिल्मा केल्यास. आता ते तिघं तुझी करायला बसलेत आणि तू पुण्यात जाहिरातवाल्यांकडे बसली आहेस.

दुसरं असं की राघोत्तमरावांच्या शेडची जागा मालकाने विकली. गिंडीच्या कारखान्यांत आता लेथ कोणाला हवा आहे? त्यांचा मोठा लेथ चोवीस जानेवारीला कोइंबतूरला जाणार. लेथ गेला की तुझी फिल्म कशावर करणार? राहिलेल्या टेपा मी कपाटात कुलूप लावून ठेवल्या आहेत. ये.

आई


वेलचेरी, ३ डिसेंबर २००६

ऊर्मी,

तुझं कार्ड मिळालं. ‘माझी पाळी सुब्बाला द्या. मला ही फिल्म करायची नाही.’ एवढ्यासाठी कार्ड कशाला, तार करायचीस.

रविवारी ते मी सगळ्यांना वाचून दाखवलं, तमिळमध्ये करून. माझं तमिळ ऐकून गिरिधर नेहमी हसतो, यावेळी हसला नाही. सुब्बा म्हणाला, “मला नको.”

“तुला विचारतंय कोण?” कामाक्षी म्हणाली. “पाळी अशी देता येत नाही. जिची आहे तिने केली तरच पुढच्याला मिळते.”

“आणि तिने केलीच नाही तर?” गिरिधरने विचारलं. “आपण वर्षभर मामींकडे येऊन नुसतं रसम प्यायचं?”

“तू तेवढ्यासाठीच येतोस.”

म्हणजे तू नाही आलीस तर सगळंच थांबणार. सुब्बाची मच्छीमार बायकांची फिल्म तुझ्यामागे आहे, ती पण. तो एका शब्दानेही तसं म्हणाला नाही, हे मी म्हणते आहे.

मग एक झालं. गिरिधरला त्याच्या फिल्मसाठी समुद्राचा शॉट हवा होता. कामाक्षीकडे तिच्या मिठागरांच्या फिल्मचं उरलेलं बरंच आहे. तिने टेप आणली होती, कॅमेरा टीव्हीला जोडून ते बघत बसले. मी आत आमटीला फोडणी देत होते. बाहेरून आवाज आला, “सात. तिसरा.” आणि टाळी.

मी गॅस बंद केला.

कामाक्षीने सवयीने पुढे पळवलं असणार. सगळे तेच करतात ना, टाळी झाली की पुढे. सुब्बा जोरात म्हणाला, “निल्लु!” थांब. टेप मागे घेतली, परत लावली. “सात. तिसरा.” मग बाबांचाच आवाज, तमिळमध्ये, “गिरिधर, तुझी चप्पल दिसते आहे.” आणि चालत निघून गेल्याचा आवाज.

मग गिरिधर म्हणाला, “खरंच दिसते आहे.”

मी बाहेर गेले नाही. आमटी करपत होती.

त्यांच्या डोक्यात काय आलं ते तुझ्याही लक्षात आलं असेल. तुमच्या प्रत्येकाच्या टेपांमध्ये, प्रत्येक शॉटच्या आधी ते आहेत. तुम्ही कापून टाकता तो भाग. ज्या टेपा पुसल्या त्या पुसल्या, पण पुऱ्या झालेल्या फिल्मांच्या टेपा सगळ्यांनी घरी ठेवल्या आहेत. सुब्बा म्हणाला, पुढच्या रविवारी आपापल्या सगळ्या घेऊन या.

मी पुस्तकांत वाचते, माणसं भांडून निघून जातात आणि पुढच्या प्रकरणात वीस वर्षं गेलेली असतात. मला तेवढा वेळ नाही.

आई


वेलचेरी, २४ डिसेंबर २००६

ऊर्मी,

तू काहीच कळवलं नाहीस. तरी लिहिते.

तीन रविवार झाले, दिवाणखान्यात चालायला जागा नाही. कामाक्षी बँकेतून सुटली की मधल्या वारीही येते. टेप लावायची, टाळी आली की बाबा दिसल्यापासून ते बाहेर जाईपर्यंतचा तुकडा एका नव्या टेपेवर घ्यायचा. नवी टेप सगळ्यांनी मिळून आणली. अजून प्लास्टिकमध्ये असलेली टेप तुमच्यापैकी कोणाच्या हातात मी प्रथमच पाहिली.

सुब्बाला मराठीचं अक्षर कळत नाही, पण आकडे येतात, हे तुला माहीत होतं? बाबा आकडे मराठीतच सांगायचे. तो पडद्याकडे न बघता म्हणतो, “एकोणीस, दुसरा,” आणि टेपमध्ये बाबा तेच म्हणतात. चाळीसपर्यंत येतात त्याला. चाळिसाच्या वर तुम्ही कधी गेला नाहीत.

बाबा नुसते आकडे सांगून गप्प बसत नव्हते. फॅक्टरीत जन्मभर माल तपासला, खोट काढल्याशिवाय राहवणार कसं? तुझ्यासाठी लिहून ठेवते, नाहीतर म्हणशील आई काही सांगत नाही.

“चार. पंखा बंद करा. आवाज घ्यायचा आहे ना?”

“अकरा. पहिला. हा पहिला नाही, मघाशी एक झाला. तो काय फुकट होता?”

“तेवीस. कामाक्षी, ऊन हललं. मला विचारायचं नाही असं ठरलंय, म्हणून मी सांगत नाही.”

एकात तुझा आवाज आहे. तू म्हणतेस, “बाबा, हात वर, दिसत नाहीत,” आणि ते दोन्ही हात पार डोक्यावर नेतात, पोलिसाने पिस्तूल रोखल्यासारखे, आणि तशीच टाळी देतात. तू हसतेस. कॅमेरा हलतो. तो शॉट फुकट गेला असणार.

आणि एकात असं आहे. संध्याकाळ झालेली, सगळे दमलेले. ते म्हणतात, “एकतीस. पाचवा. आटपा आता, घरी विमला थांबली आहे जेवायची.”

चारचौघांत त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. ‘आमच्या घरी’ म्हणायचे. फॅक्टरीतल्या लोकांना माझं नावच माहीत नव्हतं. आणि इथे सगळ्यांसमोर म्हणून गेलेत आणि मला घरी येऊन सांगितलंसुद्धा नाही.

मागच्या पत्रात आमटी करपत होती असं लिहिलं होतं. करपत नव्हती. मी ओट्याशी उभी राहून ऐकत होते. आजपर्यंत आतूनच ऐकलं. बघितलेलं नाही. काल कामाक्षीने विचारलं, “मामी, एकदा बाहेर येऊन बघता का?” मी म्हटलं, नंतर. तिने आवाज थोडा मोठा केला आणि पुढची टेप लावली. पोरगी शहाणी आहे.

राघोत्तमरावांकडे जाऊन आले. शेअर ऑटोने गेले, गुडघा ठीक आहे. त्यांचं ते तंजावरचं बोलणं, जुनी बखर वाचल्यासारखं. मला कळतं, बाबांना कळायचं नाही. “विद्याधरराव आणि हम्ही तमिळांतच बोलूं,” म्हणाले. “दोघे मराठे, आणि मराठींत बोलिले म्हंजे भांडण.” यावरूनच तुला फिल्म सुचली होती ना? त्यांच्या शेडमध्ये एका बाकावर बसलेली दोन मराठी माणसं, एकमेकांची मराठी कळत नाही म्हणून तमिळमध्ये बोलणारी. एका टोकाला साताऱ्याहून आलेला, एका टोकाला ज्याचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी आले तो. मी तेव्हा म्हटलं होतं, हे कोण बघणार? आता म्हणते, मी बघेन.

लेथ चोवीसलाच जाणार आहे. त्यांनी तारीख पुढे ढकलायला विचारून बघितलं, जमलं नाही.

टाळ्यांची टेप तुझी आहे. पोस्टाने पाठवू की ठेवू?

आई


वेलचेरी, १६ जानेवारी २००७

ऊर्मी,

काल पोंगल झाला. तू फोन केलास. मला नाही, सुब्बाला.

मी रागावले नाही. थोडी रागावले. मग विचार केला, आईला फोन करणं सोपं असतं. अवघड तो फोन तू आधी केलास.

तो इथेच होता. पायसमची वाटी हातात, फोनवर तुझं नाव बघून वाटी कुठे ठेवावी ते त्याला कळेना, शेवटी विटांवरच्या फ्रीजवर ठेवली आणि जिन्यात गेला. गिरिधर आवाजाचं यंत्र काढू का म्हणाला, तर कामाक्षीने त्याला चापट मारली.

बराच वेळ झाला. त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, फक्त “सरी... सरी...”, बरं, बरं. मधेच एकदा म्हणाला, “नाही, तू मला बोललीस ते बरोबर होतं, पण आता लेथबद्दल सांग.” मग परत “सरी.” आत आला तेव्हा तळहातापासून कोपरापर्यंत पेनने लिहिलेलं. मला वाटलं आता काही सांगेल. त्याने वाटी शोधली, उभ्यानेच पायसम संपवलं आणि म्हणाला, “अम्मा, अजून आहे?” आणि चपला घालायला जिन्यात गेला नाही, आतच बसला. मला तेवढं पुरलं.

मग सांगितलं. तुला सुट्टी दहा फेब्रुवारीशिवाय मिळत नाही. लेथ तोपर्यंत राहत नाही. म्हणून लेथचं शूटिंग या तिघांनी करायचं, तू सांगितलंस तसं, आणि तू येऊन रिकाम्या शेडचं करायचं. खिडकी डावीकडे ठेवायची. राघोत्तमरावांचे हात जवळून, चेहरा लांबून. लेथ सुरू होतानाचा आवाज पूर्ण घ्यायचा, मधे कोणी बोलायचं नाही. हे सगळं त्याच्या हातावर होतं. कामाक्षीने कागदावर उतरवून घेतलं, कारण हा मुलगा हात धुणार.

“आपल्यापैकी कोणीतरी तिच्यासारखं बघू शकेल का?” सुब्बाने विचारलं.

“नाही,” कामाक्षी म्हणाली. “म्हणून तिने सांगितलंय तेवढंच करायचं. हुशारी दाखवलीस तर कॅमेरा काढून घेईन.”

आणखी एक तू सांगितलंस म्हणे. टाळी कोणी द्यायची ते. सुब्बाने मला ते सगळ्यांत शेवटी सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, मला नाही जमणार, दुसरं कोणी बघा. तो म्हणाला, “ती म्हणाली, अम्मा असंच म्हणेल.”

आई


वेलचेरी, २५ जानेवारी २००७

ऊर्मी,

काल लेथ गेला. सकाळी शूटिंग झालं, दुपारी ट्रक आला.

तुला सगळं टेपवर दिसेल, म्हणून न दिसणारं लिहिते.

राघोत्तमरावांनी धुतलेला शर्ट घातला होता. कामाक्षीने सांगितलं, रोजचा घाला. ते ऐकेनात. “विद्याधररावांच्या लेकीचें काम आहे,” म्हणाले. शेवटी रोजचा घातला, पण वर गंध लावलं. ते मी राहू द्या म्हटलं. चुकलं असेल तर तू आल्यावर मला बोल.

मग सुब्बाने मला कॅमेऱ्यासमोर उभं केलं. कुठे उभं राहायचं ते जमिनीवर खडूने आखलं होतं. गिरिधर कानाला हेडफोन लावून ऐकत होता, म्हणाला, “मामी, बांगड्या वाजतात.”

तेराव्याला वन्संनी काढायला सांगितल्या होत्या तेव्हा मी काढल्या नव्हत्या. तुला आठवत असेल, केवढं झालं होतं त्यावरून. गिरिधरने सांगितलं तेव्हा काढल्या आणि राघोत्तमरावांच्या हातात दिल्या. ते त्या धरून उभे राहिले, तेलकट लागू नये म्हणून रुमालात.

“एक. पहिला,” मी म्हटलं. टाळी दिली तर हात नीट लागलेच नाहीत, फसकन आवाज आला. कामाक्षी कॅमेऱ्यामागून म्हणाली, “मामी, पोळीचं पीठ झटकताय का?” सगळे हसले. मी पण.

“एक. दुसरा.” यावेळी वाजली. मग मी बाजूला झाले, राघोत्तमरावांनी रुमाल खिशात ठेवून खटका दाबला आणि लेथ सुरू झाला. मधे कोणी बोललं नाही. ते चाकाशी वाकून ऐकत होते. बाबा पण असेच कान द्यायचे, आवाजावरून मालाची खोट ओळखायचे. शेवटचा शॉट संपल्यावर म्हणाले, “नीट आहे. काय खोट नाहीं. पोदुम.” पुरे. आणि बांगड्या मला परत दिल्या. मी घातल्या.

सकाळभर टाळ्या देऊन हात शेकून निघाले. बाबांनी कधी तक्रार केली नव्हती.

ट्रक गेल्यावर शेडमध्ये लेथच्या जागी चार बोल्टांची भोकं राहिली आहेत आणि भोवती तेलाचा काळा चौकोन. राघोत्तमराव झाडू मारायला निघाले होते. मी झाडू काढून घेतला. ऊर्मी येईपर्यंत झाडायचं नाही म्हटलं. चावी फेब्रुवारीअखेरपर्यंत त्यांच्याकडे आहे.

घरी आल्यावर मी कामाक्षीला म्हटलं, ती टाळ्यांची टेप लाव. आणि बाहेर बसून बघितली, पहिल्यापासून. तू हसतेस तो तुकडा दोनदा लावायला सांगितला. त्यांचे केस एवढे पांढरे झालेले माझ्या लक्षात कसे आले नव्हते? रोज बघत होते म्हणून असेल.

कालच्या टेपेची प्रत पोस्टाने पाठवते आहे. मूळ टेप कपाटात आहे. डब्याचा नियम तुझ्या माघारी बदलला. आता टेप शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय कोणी पुसायची नाही, मग रात्र झाली तरी चालेल. डबा तोच आहे. सुब्बाने काल त्यात तीन टेपा टाकल्या, तुझ्या शेडच्या शूटिंगला लागतील म्हणून. बाबा सगळ्यांत आहेत, त्याने तेवढे तुकडे आधी काढून घेतले.

टाळी कापून टाकतात हे मला माहीत आहे. माझी कापलीस तरी चालेल. त्यांच्या कुठे ठेवायच्या ते तू ठरव. फिल्म तुझी आहे, पाळीही.

दहा तारखेला स्टेशनवर सुब्बा येईल. दोघांनी वाटेत कुठे काही खाऊ नका. मी जेवायची थांबते.

आई